वाचकांचे प्रश्न : जहाजावरची अणुधूळ पाण्याने कितपत धुतली जाते?

पॅसिफिक महासागरातील अणुचाचण्यांवरच्या आमच्या लेखात एक वाक्य असे होते : ‘पुढे नौदलांनी जहाजांवर पाण्याच्या फवाऱ्यांची कायमची यंत्रणा बसवली आणि ती खऱ्या अणुधुळीत नेऊन तपासली.’ (अणुधूळ म्हणजे अणुस्फोटानंतर खाली पडणारे किरणोत्सर्गी कण.) लेखाचा विषय वेगळा असल्याने तेथे याहून जास्त लिहिता आले नव्हते. मात्र या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, आणि त्यांतले प्रश्न इतके नेमके होते, की या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : किरणोत्सर्ग म्हणजे काही चिखल नव्हे. मग तो पाण्याने धुऊन जातो, हे कसे मानायचे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पाणी किरणोत्सर्ग नाहीसा करत नाही. किरणोत्सर्गी अणूचा क्षय त्याच्या ठरलेल्या गतीने होतो आणि भिजवून, तापवून किंवा साबण लावून त्या गतीत काडीचाही फरक पडत नाही. पण जहाजावर येऊन पडतात ते नुसते किरण नसतात. किरण सोडणारे धूलिकण किंवा थेंब पडतात. त्यांना वजन असते, ते एखाद्या जागी बसतात आणि म्हणूनच त्यांना त्या जागेवरून हलवताही येते. फवाऱ्याचे पाणी हे कण माणसे जिथे राबतात आणि झोपतात तिथून उचलते आणि समुद्रात नेऊन टाकते.

याच संदर्भात दोघांनी विचारले आहे की, डेकवरचा पाण्याचा थर किरणांना अडवतो का. सुमारे १ एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेच्या गॅमा, म्हणजे आरपार जाणाऱ्या, किरणांची तीव्रता निम्म्यावर आणायला साधारण १० सेंटीमीटर जाडीचे पाणी लागते. डेकवरून वाहणारा पापुद्रा काही मिलिमीटरांचा असतो. त्यामुळे बीटा कणांचा (म्हणजे गॅमांपेक्षा कमी भेदक अशा वेगवान इलेक्ट्रॉनांचा) काही भाग त्यात अडकत असला, तरी गॅमा किरणांपुढे ढाल म्हणून त्याला काही किंमत नाही. त्याचे काम वाहतूक करण्याचे आहे.

प्रश्न : अशा यंत्रणेची गरज नौदलांना केव्हा जाणवली? त्याआधी जहाजे हाताने धुऊन भागत नव्हते का?

उत्तर : हाताने धुऊन पाहिले होते आणि भागले नाही. तो सगळा प्रसंग सविस्तर सांगायला हवा, कारण नंतरच्या प्रत्येक चाचणीमागे तोच आहे.

जुलै १९४६ मध्ये अमेरिकेने मार्शल बेटांतील बिकिनी येथे ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स’ या नावाने दोन अणुस्फोट केले. तेथील खाजणात, म्हणजे प्रवाळबेटांनी वेढलेल्या समुद्रात, नव्वदहून अधिक लक्ष्य-जहाजे नांगरून ठेवली होती. अमेरिकेच्या स्वतःच्या जुन्या युद्धनौकांबरोबर जपानची ‘नागातो’ आणि जर्मनीची ‘प्रिन्झ ऑयगेन’ याही त्यांत होत्या. १ जुलैचा ‘एबल’ हा स्फोट हवेत झाला. त्यातली किरणोत्सर्गी द्रव्ये बहुतांशी ढगाबरोबर उंच निघून गेली. २५ जुलैचा ‘बेकर’ मात्र पाण्याखाली सुमारे २७ मीटर खोलीवर झाला. त्याने लक्षावधी टन पाणी स्तंभाच्या रूपात वर उचलले, आणि हा स्तंभ कोसळताना त्याच्या पायथ्यापासून तुषारांची दाट भिंत चारी बाजूंना पसरत जहाजांवरून गेली. विखंडनातून जन्मलेली द्रव्ये आणि विखंडन न झालेले प्लुटोनियम या तुषारांत मिसळलेले होते. अशा पाण्याने न्हालेली जहाजे वाळली आणि ती द्रव्ये रंगाच्या भेगांत, गंजात, लाकडी डेकच्या सांध्यांत आणि दोरखंडांच्या पिळांत मुरून बसली.

त्यानंतर जे झाले ते वाचताना आजही मन अस्वस्थ होते. आग विझवणाऱ्या नौकांमधून जहाजांवर खाऱ्या पाण्याचे झोत सोडण्यात आले, फेस फवारण्यात आला, आणि मग खलाशांची पथके साबण, कॉस्टिक सोडा आणि ब्रश घेऊन डेक घासायला चढली. त्यांतल्या अनेकांच्या अंगावर रोजचे साधे कपडेच होते. घासून घासूनही मोजणी-यंत्रांचे आकडे पुरेसे उतरत नव्हते. दुसरीकडे, मदतीसाठी आलेली आणि स्फोटापासून दूर राहिलेली जहाजेही खाजणाचे पाणी आत घेत असल्याने दूषित होऊ लागली. त्यांच्या तळांवर वाढलेल्या शेवाळात आणि खारे पाणी खेळवणाऱ्या नळांत किरणोत्सर्गी द्रव्ये साठत गेली. किरणोत्सर्ग-सुरक्षेचे प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन हे डॉक्टर होते. खाजणात पकडलेला एक मासा छायाचित्रणाच्या फिल्मवर ठेवला, तेव्हा त्याच्या शरीरातल्या किरणोत्सर्गानेच त्याची आकृती त्या फिल्मवर उमटली. वॉरन यांनी हे चित्र मोहिमेचे प्रमुख अ‍ॅडमिरल विल्यम ब्लँडी यांच्यापुढे ठेवले. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या साध्या गायगर यंत्रांना न दिसणारे प्लुटोनियम जहाजांवर असल्याचाही मुद्दा त्यांनी लावून धरला. १० ऑगस्ट १९४६ रोजी बिकिनीतले शुद्धीकरणाचे काम थांबवण्यात आले.

पुढे बरीच जहाजे मार्शल बेटांतल्याच क्वाजालीनला ओढत नेऊन तपासली गेली आणि त्यांतली बहुतेक शेवटी खोल समुद्रात बुडवावी लागली. ‘इंडिपेंडन्स’ ही विमानवाहू नौका सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट गोदीत नेण्यात आली. तेथील नौदलाच्या किरणोत्सर्ग-संरक्षण प्रयोगशाळेने पुढे कित्येक वर्षे या विषयाचा अभ्यास केला. जानेवारी १९५१ मध्ये ही नौकाही फॅरालॉन बेटांजवळ बुडवण्यात आली. बिकिनीने एक गोष्ट पक्की दाखवून दिली होती : दूषण एकदा पृष्ठभागात मुरले, की जहाज वाचवण्यापेक्षा ते टाकून देणे सोपे ठरते. म्हणून ते मुरण्याआधीच काही करता येईल का, याचा शोध सुरू झाला.

प्रश्न : आधी पाणी सोडले काय आणि नंतर सोडले काय, पाणी तेच आणि कणही तेच. एवढा फरक का पडावा?

उत्तर : फरक पाण्याने पडत नाही, कण पडतो त्या क्षणी पृष्ठभाग कसा आहे याने पडतो. जहाजाचा रंगवलेला पत्रा डोळ्यांना गुळगुळीत दिसतो. भिंगाखाली पाहिले तर त्यात सूक्ष्म छिद्रे, तडे, मिठाचे स्फटिक, तेलाचा पातळ लेप आणि गंजाचे पापुद्रे दिसतात. पत्रा कोरडा असेल तर बारीक कण थेट या खाचांत जाऊन बसतो. थेंब पडला तर तो छिद्रात शोषला जातो, आणि पाणी उडून गेल्यावर त्यातली द्रव्ये आतच राहतात. काही मूलद्रव्यांचे आयन तर गंजाशी आणि रंगाशी रासायनिक पकड करतात. मग वरून कितीही झोत मारले, तरी पाणी खाचेच्या तोंडावरून वाहत जाते.

आता तोच पत्रा अणुधूळ येण्याच्या आधीपासून भिजत ठेवला आहे, असे समजा. छिद्रांत स्वच्छ पाणी आधीच भरलेले आहे आणि पृष्ठभागावरून पाण्याचा पापुद्रा अखंड सरकत आहे. वरून येणारा कण पत्र्याला भिडण्याआधी या पाण्यात पडतो आणि त्याच्याबरोबर कडेच्या भोकांकडे जातो. थेंबातली द्रव्ये पापुद्र्यात मिसळून पातळ होतात आणि वाळायला त्यांना सवडच मिळत नाही. ब्रिटिश नौदलाने या पद्धतीला ‘प्री-वेटिंग’, म्हणजे आधीच भिजवणे, असे नाव दिले.

या वर्णनात ‘अखंड’ या शब्दावर माझा सर्वाधिक भर आहे. फवारा मध्येच थांबला, एखाद्या कोपऱ्यात पापुद्रा तुटला किंवा वाऱ्याने तुषार एका बाजूला गेले, तर ती जागा कोरडीच राहिली असे समजावे. धूळ येऊन पडल्यानंतर उशिरा पाणी सुरू केले, तरी काही फायदा होतो, पण तो बराच कमी.

धूळ कोणत्या प्रकारची आहे, यावरही बरेच अवलंबून असते. खोल समुद्रातल्या पाण्याखालच्या स्फोटात दूषण तुषारांच्या रूपात येते. प्रवाळबेटाच्या जमिनीवर स्फोट झाला, तर प्रवाळातले कॅल्शियम कार्बोनेट भाजून चुनकळी बनते आणि पांढरी कोरडी पूड होऊन पडते. कोरडे कण थेंबांपेक्षा सहज वाहून जातात, हे खरे. पण चुनकळी पाण्याने विरते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा घट्ट होऊ लागते. अर्धवट ओल्या डेकवर साचून राहिलेली अशी पूड नंतर खरवडावी लागते.

प्रश्न : यंत्रणेची चाचणी नेमकी कशी घेतली? खलाशांना जाणूनबुजून अणुधुळीत पाठवले का?

उत्तर : सर्वांत पद्धतशीर चाचणी अमेरिकेने १९५४ मध्ये ‘कॅसल’ या स्फोट-मालिकेत घेतली. दुसऱ्या महायुद्धातली ‘लिबर्टी’ प्रकारची दोन मालवाहू जहाजे या कामासाठी बदलून घेतली होती. नौदलाच्या यादीत त्यांचे क्रमांक वायएजी-३९ आणि वायएजी-४० असे होते; पुढे ती ‘जॉर्ज ईस्टमन’ आणि ‘ग्रॅनव्हिल एस. हॉल’ या नावांनी ओळखली गेली. वायएजी-३९ वर फवाऱ्यांची यंत्रणा बसवली आणि वायएजी-४० वर मुद्दाम बसवली नाही. ही जहाजे दुरून नियंत्रित करून, जिथे अणुधूळ पडणार असा अंदाज होता त्या भागातून नेली गेली. दोन्हींवर ठिकठिकाणी गॅमा किरण मोजणारी आणि आकडे नोंदवत राहणारी यंत्रे होती. धुलाई होणारे जहाज आणि न होणारे जहाज यांच्या नोंदींतला फरक म्हणजे यंत्रणेची कामगिरी, असा हा आराखडा होता.

कल्पना सोपी आहे, मोजमाप अजिबात सोपे नाही. आणि या चाचणीतले खरे कसब मोजमापातच आहे. पहिली अडचण अशी की, डेकवरच्या यंत्राला फक्त डेकवरची धूळ ‘दिसत’ नाही. भोवतीच्या हवेतून जाणारा ढग आणि आजूबाजूच्या समुद्रात पडलेली द्रव्ये यांचेही किरण त्या यंत्रापर्यंत पोचतात. ढग डोक्यावर असताना घेतलेला आकडा धुलाईच्या खात्यावर टाकला, तर यंत्रणा निकामी वाटेल. कारण हवेतून येणाऱ्या किरणांना डेकवरचे पाणी थांबवू शकत नाही. म्हणून ढग निघून गेल्यावरचा आकडा वेगळा काढावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. ताज्या अणुधुळीचा किरणोत्सर्ग झपाट्याने उतरतो. ढोबळ नियम असा की, स्फोटानंतरचा काळ सातपट झाला की तीव्रता दहाव्या हिश्शावर येते : पहिल्या तासाला जी तीव्रता होती, तिचा दहावा हिस्सा सातव्या तासाला आणि शंभरावा हिस्सा सुमारे एकोणपन्नासाव्या तासाला उरतो. एका जहाजावर सकाळी आणि दुसऱ्यावर संध्याकाळी मोजणी केली आणि हा नैसर्गिक उतार वजा केला नाही, तर निसर्गाने केलेले काम पाण्याच्या नावावर जमा होईल. ही चूक हेतू चांगला असतानाही घडते. कोणताही शुद्धीकरणाचा अहवाल वाचताना, आकडे एकाच क्षणाला आणून मग तुलना केली आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो.

तिसरी अडचण म्हणजे दोन्ही जहाजांवर सारखीच धूळ पडली, याची खात्री. अणुधूळ पावसाच्या सरीसारखी ठिगळाठिगळांनी पडते. दोन जहाजे जवळजवळ असली, तरी एकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी पडू शकते. म्हणून मुळात किती धूळ आली, हे कळण्यासाठी फवाऱ्याचे पाणी जिथे पोचत नाही अशा उघड्या जागी धूळ गोळा करणारी पात्रे ठेवावी लागतात आणि त्यांच्या हिशेबाने आकडे जुळवावे लागतात.

हे सगळे हिशेब केल्यावर ‘कॅसल’मधल्या यंत्रणेची परिणामकारकता साधारण ९० टक्क्यांच्या घरात निघाली. म्हणजे धुलाई नसलेल्या जहाजाच्या उघड्या भागांवर जेवढे दूषण बसले, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढेच धुलाई असलेल्या जहाजावर राहिले.

खलाशांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. ‘कॅसल’मधली ही दोन जहाजे दुरून चालवली होती. पण १ मार्च १९५४ चा पहिलाच स्फोट, ‘ब्राव्हो’, अपेक्षेच्या अडीचपट निघाला. त्याची शक्ती १५ मेगाटन होती. त्याची धूळ मोहिमेतल्या माणसांनी भरलेल्या जहाजांवरही पडली. त्यांत ‘बैरोको’ ही विमानवाहू नौका होती. माणसांना आत बोलावून, दारे-झडपा बंद करून फवारे सुरू करावे लागले. तरीही ‘बैरोको’वरच्या काही खलाशांच्या त्वचेला बीटा कणांमुळे भाजल्यासारख्या जखमा झाल्या. ब्रिटनने तर १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टेबेलो बेटांवरील ‘मोझेक’ चाचण्यांच्या वेळी ‘डायना’ ही विनाशिका तिच्या खलाशांसह अणुधुळीच्या पट्ट्यातून नेली. आधीच भिजवण्याची यंत्रणा आणि माणसांना बंदिस्त भागात ठेवून जहाज चालवण्याची पद्धत तपासायची, असा हेतू होता. माहिती मिळाली, हे खरे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर दुरून चालवलेल्या जहाजावर दोन वर्षे आधी बऱ्याच अंशी मिळाले होते, त्यासाठी तरुण खलाशांना त्या पट्ट्यात नेणे मला समर्थनीय वाटत नाही.

प्रश्न : ९० टक्के आणि ९५ टक्के यांत एवढे काय आहे? दोन्ही आकडे उत्तमच वाटतात.

उत्तर : टक्केवारी किती गेले ते सांगते, माणसाला इजा मात्र जे उरले त्यापासून होते. ९० टक्के गेले तर १० उरतात, ९५ गेले तर ५ उरतात. म्हणजे दुसऱ्या जहाजावरच्या माणसाला पहिल्याच्या निम्मीच मात्रा मिळते. ९५ वरून ९८ वर गेलात तर ती पुन्हा निम्म्याहून कमी होते. म्हणून शेवटच्या चार-पाच टक्क्यांसाठी नोझलची जागा बदलणे, एखादा कोपरा झाकणे, दोरखंड आणि कॅनव्हास आधीच आत घेणे, अशी बारीकसारीक खटपट केली जाते. दुसरे असे की, सबंध जहाजाची सरासरी ९० टक्के असू शकते आणि तरीही एखाद्या तोफेच्या बैठकीखाली किंवा पाणी साचणाऱ्या खोलगट जागी आकडा चढलेला असतो. विमानवाहू नौकेच्या डेकवरून वाहून आलेली धूळ निचऱ्याच्या तोंडाशी अडकली, तर जिथे सर्वांत जास्त धुतले गेले असे वाटते तिथेच सर्वांत जास्त दूषण सापडते. त्यामुळे सरासरीबरोबर सर्वांत वाईट जागेचा आकडाही दिलेला असावा.

प्रश्न : मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरी केली आहे. इतके पाणी कोठून आणायचे, आणि डेक धुतला तरी हवेच्या वाटेने आत येणाऱ्या दूषणाचे काय?

उत्तर : आपला अनुभव या प्रश्नात दिसतो. ही यंत्रणा सहसा आग विझवण्याच्या मुख्य वाहिनीतून, म्हणजे फायर मेनमधून, पाणी घेते. अणुस्फोटाजवळच्या जहाजावर आगही लागलेली असू शकते, तेव्हा त्याच पंपांवर दोन्ही कामांचा ताण येतो. म्हणून चाचणी घेताना सगळे फवारे एकदम सुरू असताना शेवटच्या, सर्वांत उंचावरच्या नोझलला किती दाब मिळतो, हे पाहावे लागते; पंपाशेजारचा दाब पाहून समाधान मानू नये. नोझलमध्ये मीठ, गंज आणि शेवाळ अडकते. कडेची भोके, म्हणजे स्कपर, तुंबलेली असतील तर वरच्या डेकवर टनावारी पाणी साचून हेलकावू लागते. असे पाणी जहाजाच्या तोलाला घातक असते, हे आपल्याला सांगायला नको.

हवेच्या बाबतीत आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. फवारे बाहेरची बाजू सांभाळतात. झडपेतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेवर त्यांचा इलाज नाही. म्हणूनच आधुनिक युद्धनौकांत माणसांचा भाग हवाबंद करून आत गाळलेली हवा सोडतात आणि दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. जुन्या जहाजांत बॉयलरला लागणारी हवा इंजिनखान्यातूनच ओढली जाई, त्यामुळे तिथे काम करणाऱ्यांना वाचवणे ही सर्वांत अवघड गोष्ट होती.

स्फोट पाण्याखालचा असेल आणि जहाज जवळ असेल, तर आणखी एक मर्यादा येते. १९५८ च्या ‘हार्डटॅक’ मालिकेत मार्शल बेटांतील एनिवेटाक येथे ‘वाहू’ आणि ‘अम्ब्रेला’ हे दोन पाण्याखालचे स्फोट रिकाम्या विनाशिका जवळ उभ्या करून करण्यात आले. अशा स्फोटात जहाजावरून जाणारी तुषारांची भिंत स्वतःच अत्यंत किरणोत्सर्गी असते आणि ती भोवती असेपर्यंत सर्व बाजूंनी किरण येत राहतात. ती निघून गेल्यावर डेकवर काय चिकटून राहते, एवढेच धुलाईच्या हाती असते. तेव्हा धुलाईबरोबरच शक्य तितक्या लवकर तिथून जहाज काढणे आणि माणसांना पोलादाच्या जास्तीत जास्त थरांआड ठेवणे आवश्यक असते.

प्रश्न : धुतलेले सगळे समुद्रातच जाते ना? मग हे दूषण फक्त दुसऱ्याच्या दारात ढकलणे झाले.

उत्तर : समुद्रातच जाते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मोकळ्या महासागरात, जहाजाभोवतीच्या कित्येक चौरस किलोमीटरवर तीच धूळ आधीच थेट पडलेली असते. त्या मानाने जहाजावरून उतरलेली भर अगदी क्षुल्लक असते. पाण्यात पडलेली द्रव्ये वरच्या थरांत पसरून पातळ होतात, जड कण खाली बसतात आणि पाण्याची खोली त्यांच्या गॅमा किरणांना बऱ्यापैकी रोखते. तीच द्रव्ये डेकवर असती, तर माणसापासून हातभर अंतरावर राहिली असती. बंदरात, खाडीत किंवा प्रवाळबेटाच्या खाजणात मात्र हे गणित लागू होत नाही. तिथे पाणी अडलेले असते, आणि जहाज जे खाली सोडते तेच पाणी पंपाने पुन्हा वर येऊ शकते. बिकिनीत मदतीच्या जहाजांचे नळ दूषित झाले, ते असेच. मोठे प्रश्न हंटर्स पॉइंटसारख्या गोद्यांत उभे राहिले : तिथे जहाजे आणून वाळूच्या झोतांनी घासली, आणि तिथल्या जमिनीची तपासणी व सफाई हे काम एकविसाव्या शतकातही चालू राहिले.

प्रश्न : ‘ब्राव्हो’च्या धुळीत सापडलेल्या जपानी मासेमारी नौकेवर पाणी मारले असते, तर ते खलाशी वाचले असते का?

उत्तर : ‘दाइगो फुकुर्यू मारू’वर २३ जण होते. बिकिनीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर त्यांच्यावर काही तास पांढरी राख पडत राहिली. ती कशाची हे त्यांना माहीत नव्हते आणि ते समुद्रातले दोर ओढून घेत उघड्या डेकवर काम करत होते. राख केसांत, कपड्यांत, कानांत गेली. १४ मार्च १९५४ रोजी नौका याइझू बंदराला लागली. रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मरण पावले.

राख पडू लागल्यापासून डेक सतत धुतला असता, माणसे आत गेली असती आणि अंग धुऊन कपडे टाकून दिले असते, तर त्यांना मिळालेली मात्रा निश्चितच कमी झाली असती. किती कमी, हे आकड्यात सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. परंतु फवारे सुरू करायला आधी धोका आहे हे कळावे लागते, आणि त्यांना ते कोणीही सांगितले नव्हते. ही नौका आज टोकियोतील युमेनोशिमा येथे जपून ठेवलेली आहे.

प्रश्न : अणुचाचण्या आता होत नाहीत. मग या यंत्रणा आज तपासतात तरी कशा, आणि त्यांचा उपयोग कधी झाला का?

उत्तर : उपयोग झाला, तो युद्धात नव्हे. मार्च २०११ मध्ये जपानमधील भूकंप आणि त्सुनामीनंतर मदतकार्यासाठी गेलेली अमेरिकेची ‘रोनाल्ड रेगन’ ही विमानवाहू नौका फुकुशिमा अणुवीज केंद्रातून आलेल्या किरणोत्सर्गी हवेच्या पट्ट्यात सापडली. तिच्या उड्डाण-डेकवरची धुलाई यंत्रणा सुरू करण्यात आली आणि खलाशांनी डेक व विमाने ब्रशने घासली. म्हणजे १९४६ चे ब्रश आणि नंतर विकसित झालेले फवारे, दोन्ही एकत्र वापरावे लागले.

तपासणीसाठी अणुधुळीची आवश्यकता नसते. १९५० च्या दशकातच हंटर्स पॉइंटच्या शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या प्रयोगांसाठी वाळूच्या कणांना लॅन्थॅनम-१४० लावून कृत्रिम धूळ तयार केली होती. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ४० तासांचे असल्याने ती मोजता येते आणि दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ निष्क्रिय होते. किरणोत्सर्गी द्रव्य अजिबात नको असेल, तर अतिनील प्रकाशात चमकणारी पूड किंवा रंगीत द्रव वापरता येतो. आणि या सगळ्याच्या आधी एक साधी परीक्षा असते : सर्व फवारे सुरू करून, जहाज वाऱ्याच्या निरनिराळ्या दिशांना वळवत, डेकवर कोरडी ठिगळे कुठे राहतात ते पाहून नकाशावर टिपणे. समोरून वारा असताना ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच कक्षाच्या, मागची बाजू कोरडी राहते, तर आडव्या वाऱ्यात एका कडेचे सगळे तुषार पाण्यापलीकडे उडून जातात. बंदरात शांत हवेत उत्तम ठरलेली यंत्रणा समुद्रावर निम्मीच उपयोगी पडते, ती यामुळेच.

प्रश्न : आम्ही नववीचे विद्यार्थी आहोत. यातले काही शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल का?

उत्तर : अवश्य, आणि अगदी निर्धोकपणे. रंगवलेल्या पण थोड्या गंजलेल्या पत्र्याचे दोन सारखे तुकडे घ्या, त्यांच्या कडा चिकटपट्टीने झाका आणि दोन्ही एकाच उतारावर तिरके ठेवा. एकावर वरच्या कडेने बारीक धारेचे पाणी सोडून तो पूर्ण भिजू द्या, दुसरा कोरडा ठेवा. मग दोन्हींवर सारख्याच उंचीवरून, चाळणीने, रंगीत खडूची सारख्याच वजनाची बारीक पूड पाडा. दहा मिनिटांनी दुसऱ्यावरही तितकेच पाणी, तितकाच वेळ सोडा. दोन्ही वाळल्यावर ओल्या कापसाने पुसून कापसावरच्या रंगाची तुलना करा. हाच प्रयोग पुडीऐवजी पातळ शाईच्या थेंबांनी पुन्हा करा आणि कोरड्या तुकड्यावरची शाई तासभर वाळू द्या. पूड आणि शाई यांच्या निकालांत जो फरक दिसेल, तो नीट लिहून ठेवा. शेवटी पाण्याच्या वाटेत एक लहान दगड ठेवून पहिला प्रयोग परत करा आणि दगडाच्या खालच्या बाजूला पत्रा कसा दिसतो ते पाहा. आपल्या नोंदी आमच्याकडे पाठवल्यास या सदरात आनंदाने छापू.